कसलेला कोण, चालक की यंत्र? ‘बॅटलटेक : क्लॅन इन्व्हेजन’ या संचाचे परीक्षण

‘बॅटलटेक’ या पटावरच्या युद्धखेळाचा ‘क्लॅन इन्व्हेजन’ हा संच उघडल्यावर नजर प्रथम टिंबर वुल्फ या लढाऊ यंत्राच्या प्रतिकृतीवर जाते, आणि ती जावी अशीच तिची घडण आहे. परंतु या संचातील खरी नवी गोष्ट नोंदपत्रकावरच्या एका लहानशा चौकटीत भरावी लागते. सर्वसाधारण चालकाच्या नेमबाजीपुढे ४ हा आकडा असतो, क्लॅन या योद्ध्यांच्या समाजातील चालकापुढे ३ लिहायचा असतो. या खेळात आकडा जितका लहान तितका हात पक्का. शेकडो वर्षे केवळ युद्धासाठी वाढवलेल्या, निवडून निवडून उरलेल्या योद्ध्यांची सगळी ख्याती पटावर येते ती एवढ्या एका अंकाच्या रूपाने. हा एक अंक खरोखर किती वजनाचा आहे, आणि संचाच्या वेष्टनावर ज्यांचा दरारा मिरवला आहे त्या तुकडीचे सामर्थ्य चालकात आहे की त्याच्या बुडाखालच्या यंत्रात, हे पाहण्यासाठी आम्ही चौघांनी या संचावर बऱ्याच शनिवारच्या रात्री घालवल्या. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारले आहे.

ज्यांना बॅटलटेक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. हा पटावरचा युद्धखेळ १९८४ साली शिकागो येथील फासा या कंपनीने ‘बॅटलड्रॉइड्स’ या नावाने काढला. ‘ड्रॉइड’ या शब्दावर लुकासफिल्मने हक्क सांगितल्यामुळे पुढच्याच वर्षी त्याचे नाव बदलले. सध्या तो कॅटॅलिस्ट गेम लॅब्ज प्रकाशित करते. षट्कोनी घरांच्या नकाशावर २० ते १०० टन वजनाची, दोन पायांवर चालणारी लढाऊ यंत्रे, म्हणजे मेक, परस्परांशी लढतात. एक घर म्हणजे ३० मीटर आणि एक फेरी म्हणजे १० सेकंद, असे प्रमाण धरलेले आहे. प्रत्येक यंत्राचे एक नोंदपत्रक असते; त्यावर डोके, धड, हात, पाय अशा प्रत्येक भागाच्या चिलखताची वर्तुळे छापलेली असतात आणि मार बसेल तशी ती पेन्सिलीने काळी करत जायची असतात. एक गोष्ट मात्र खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावी : ‘क्लॅन इन्व्हेजन’ हा पुरवणी संच आहे, तो एकट्याने खेळता येत नाही. आठ यंत्रे, नकाशे आणि फासे असलेला ‘अ गेम ऑफ आर्मर्ड कॉम्बॅट’ हा मूळ संच त्याच्या आधी हवा. आपल्याकडच्या दुकानांत या दोहोंपैकी एकही मला कधी दिसला नाही. आमचे दोन्ही संच परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून आले.

क्लॅनची पार्श्वकथा थोडक्यात अशी. माणसांनी वसवलेल्या ग्रहांचे संयुक्त राज्य असलेली स्टार लीग कोसळल्यावर, २७८४ साली, जनरल केरेन्स्की आपल्या सैन्याचा मोठा भाग घेऊन ज्ञात अवकाशाबाहेर निघून गेला. त्याचा मुलगा निकोलस याने त्या सैन्याच्या वंशजांतून एक असा समाज उभा केला, की ज्यात योद्धा हाच सर्वश्रेष्ठ आणि बाकीचे सगळे त्याच्यासाठी राबणारे. योद्धे आईच्या पोटी जन्मत नाहीत. निवडक योद्ध्यांच्या बीजांपासून त्यांना कृत्रिम गर्भाशयात वाढवले जाते, आणि एका वेळी जन्मलेली सगळी मुले एकत्र शिकतात, एकत्र लढतात व एकामागून एक गळत जातात. उरलेल्यांची शेवटची परीक्षा तीन प्रतिस्पर्ध्यांसमोर होते. एकाला पाडले तर तो योद्धा ठरतो, दोघांना पाडले तर पाच यंत्रांच्या तुकडीचा नायक होतो आणि तिघांना पाडले तर त्याहून वरचा हुद्दा मिळतो. एकालाही पाडता आले नाही, तर योद्धा म्हणून जगण्याचा मार्ग बंद होतो. असे लोक ३०४९ साली परत आले आणि ३०५० पासून एकामागून एक ग्रह जिंकत सुटले. या संचातील पाच यंत्रे म्हणजे त्यांची एक ‘स्टार’, म्हणजेच सर्वांत लहान पूर्ण तुकडी. समोरचे लोक चार यंत्रांची ‘लान्स’ वापरतात. पाच विरुद्ध चार हा फरक येथूनच सुरू होतो.

आता त्या अंकाकडे वळू. नेम लागण्यासाठी दोन फाशांवर किती दान पडले पाहिजे, हे बेरजेने ठरते. चालकाच्या नेमबाजीचा अंक घ्यायचा. आपण चाललो असू तर त्यात १ मिळवायचा, धावलो असू तर २, उडी मारली असेल तर ३. लक्ष्य जितकी घरे हलले असेल त्याप्रमाणे आणखी भर घालायची. आणि अंतर मध्यम असेल तर २, लांब असेल तर ४. आलेल्या बेरजेइतके किंवा त्याहून मोठे दान पडले तर मारा लागू. सारीपाट खेळलेल्या कोणालाही ठाऊक असते, की दोन फाशांवर मधली दाने जास्त पडतात आणि टोकाची क्वचित पडतात. ७ किंवा अधिक पडण्याची शक्यता ५८ टक्के आहे, ८ किंवा अधिकची ४२ टक्के, ९ किंवा अधिकची २८ टक्के, आणि ११ किंवा अधिकची जेमतेम ८ टक्के. म्हणजे एका अंकाची किंमत सर्वत्र सारखी नाही. मधल्या पट्ट्यात ती सर्वाधिक असते, आणि लढाईचा बहुतेक काळ याच पट्ट्यात जातो.

एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. टिंबर वुल्फ आणि मूळ संचातील ऑसम यांच्यात १५ घरांचे अंतर आहे. ऑसम ८० टनी, चिलखताने मढवलेले आणि संथ यंत्र आहे. ते ३ घरे चालले आहे. टिंबर वुल्फ ७५ टनी असून ५ घरे चालले आहे. टिंबर वुल्फच्या मोठ्या लेसरला १५ घरे हे मध्यम अंतर पडते, तर ऑसमच्या कणतोफेला तेच अंतर लांब पल्ल्याचे होते. त्यामुळे क्लॅनच्या चालकाला ३, १, १ आणि २ मिळून ७ हवेत, तर ऑसमच्या चालकाला ४, १, २ आणि ४ मिळून ११ हवेत. एकाची शक्यता ५८ टक्के, दुसऱ्याची ८ टक्के : सातपट तफावत. पहिल्यांदा हा हिशेब मांडल्यावर आमच्यातील एकाने पेन्सिल खाली ठेवली आणि, ‘मी नुसता चिलखत खोडायला बसलोय का?’ असे विचारले. प्रश्न अगदी रास्त होता.

पण ही सातपट कोणाची? ते तपासण्यासाठी आम्ही पुढच्या डावात चालकांची अदलाबदल केली. क्लॅनचा कसलेला चालक ऑसममध्ये बसवला आणि सामान्य चालक टिंबर वुल्फमध्ये. यंत्रे, अंतर, हालचाल सगळे तेच ठेवले. आता टिंबर वुल्फला ८ हवेत, म्हणजे ४२ टक्के. ऑसमला १० हवेत, म्हणजे १७ टक्के. तफावत सातपटीवरून अडीचपटीवर आली खरी, पण पारडे टिंबर वुल्फकडेच झुकलेले राहिले. सामान्य माणूस त्या यंत्रात बसला तरी तेच यंत्र वरचढ ठरते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीचा, परीक्षांचा आणि वंशशुद्धीचा जो गाजावाजा कथेत चालतो, त्याला नोंदपत्रक असे शांतपणे छेद देते : क्लॅनचा विजय हा बऱ्याच अंशी लांब पल्ल्याच्या लेसरचा विजय आहे. त्यांची क्षेपणास्त्रे निम्म्या वजनाची असतात आणि जवळच्या लक्ष्यावर मारतानाही अडखळत नाहीत. त्यांचा मध्यम लेसर १५ घरांपर्यंत पोहोचतो, जेथे समोरच्याचा ९ घरांतच संपतो. हे सगळे कारागिरांनी केले आहे. त्या समाजात योद्ध्यांखालच्या ज्या जातींना मान नाही, त्यांनी. संचातील माहितीपुस्तिका हा मुद्दा कधी उच्चारत नाही. फासे तो दर डावाला सांगतात.

म्हणून मला हा संच त्याच्या प्रचारकी चेहऱ्यापेक्षा बराच हुशार वाटतो. ज्याला चालकाच्या कौशल्याचे खरे मोल पाहायचे असेल, त्याने उलट प्रयोग करावा, तोही मूळ संचाच्या यंत्रांनी. खेळाच्या प्रतवारीत ४ आणि ५ हे सामान्य चालकाचे अंक, ३ आणि ४ हे अनुभवी चालकाचे आणि २ आणि ३ हे अव्वल चालकाचे. पहिला नेमबाजीचा, दुसरा यंत्र सांभाळण्याचा. या मोजपट्टीवर क्लॅनचा साधा योद्धा ‘अनुभवी’ ठरतो, ‘अव्वल’ नव्हे. वरच्याच उदाहरणात ऑसममध्ये अव्वल चालक बसवला, तर त्याला ११ ऐवजी ९ पुरतात, आणि ८ टक्क्यांचे २८ टक्के होतात. यंत्र जुनेच, तोफा त्याच, तरी परिणाम तिपटीहून अधिक. भाडोत्री सैन्यांच्या कथांत ज्या नामांकित तुकड्यांचा दबदबा आहे, तो पटावर असा उमटतो. आमच्या चौघांचे मत असे पडले, की टिंबर वुल्फ चालवण्यापेक्षा अव्वल चालकासह जुने यंत्र चालवणे अधिक रंगते, कारण तेथे जिंकल्याचे श्रेय लेसरला देता येत नाही.

अर्थात या वर्चस्वाची किंमत खेळ वसूल करतोच. प्रत्येक यंत्राला युद्धमूल्याचे गुण ठरवून दिलेले आहेत आणि दोन्ही बाजूंची बेरीज सारखी ठेवावी अशी अपेक्षा असते. टिंबर वुल्फच्या मूळ रचनेचे मूल्य सामान्य चालक धरून २७३७ आहे, ऑसमचे १६०५. टिंबर वुल्फमध्ये क्लॅनचा चालक बसवला की त्याचे मूल्य सुमारे एक-तृतीयांशाने चढते आणि तेवढ्या गुणांत समोरच्याला दोन ऑसम घेऊनही काही गुण उरतात. शिवाय अंतर हा कायमचा मित्र नसतो. तीच दोन यंत्रे त्याच चालींनिशी ४ घरांवर आली, तर क्लॅनला ५ आणि ऑसमला ७ पुरतात : ८३ टक्के विरुद्ध ५८ टक्के. सातपटीचे दीडपटही उरत नाहीत, आणि समोर दोन ऑसम उभी असतात. म्हणजे समोरच्या खेळाडूचे सगळे डोके अंतर कमी करण्यात लागते : टेकड्यांच्या आडून, रानाच्या आधाराने, एक यंत्र आमिषाला पुढे सोडून. संचाचा खरा डाव येथे जमतो.

संचातील पाच यंत्रांत मला सर्वांत शिकवून गेलेले यंत्र टिंबर वुल्फ नव्हे, तर ५० टनी नोव्हा आहे. त्याच्या मूळ रचनेत बारा मध्यम लेसर आहेत. प्रत्येकाचा मारा ७, म्हणजे सगळे लागले तर ८४. कोणाही नवख्याला मोह व्हावा असा हा आकडा आहे. पण प्रत्येक लेसर ५ एकक उष्णता निर्माण करतो आणि नोव्हाचे शीतक एका फेरीत फक्त ३६ एकके बाहेर टाकतात. जागेवर उभे राहून बाराही लेसर एकदम सोडले तर २४ एकके अंगात राहतात. त्या उष्णतेत यंत्र बंद पडू नये म्हणून ८ किंवा अधिक दान लागते, म्हणजे बंद पडण्याचीच शक्यता जास्त. बंद पडले तर ते निश्चल लक्ष्य होते आणि त्याच्यावर नेम धरणाऱ्याची बेरीज ४ ने घटते. चालू राहिले तरी पुढच्या फेरीत चाल ४ घरांनी कमी होते आणि स्वतःच्या नेमाच्या बेरजेत ४ वाढतात. या दानाला चालकाच्या कौशल्याशी काहीही देणेघेणे नाही. तो शिकाऊ असो वा अव्वल, लागणारा आकडा तोच. उष्णतेला हुद्दा कळत नाही. सहा-सात लेसर सोडून थांबणारा खेळाडू आणि बाराही सोडणारा खेळाडू यांतला फरक कोणत्याही चौकटीत लिहिलेला नसतो, आणि माझ्या मते या खेळात कसलेपणा जर कोठे असेल तर तो तेथे आहे : खुर्चीवर बसलेल्या माणसात.

क्लॅनच्या युद्धधर्माबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो बाजूला ठेवला तर हा संच नुसता चांगल्या तोफांचा संच उरतो. त्यांच्या रीतीप्रमाणे एका योद्ध्याने एकाच प्रतिस्पर्ध्याशी लढायचे, दुसऱ्याने त्यात पडायचे नाही, आणि लाथा-बुक्क्यांनी लढणे हीन मानायचे. लढाईपूर्वी रीतसर आव्हान द्यायचे, समोरचा किती बळाने बचाव करणार आहे ते विचारायचे, आणि मग आपल्याच लोकांत बोली लावायची; जो सर्वांत कमी बळात काम फत्ते करण्याची पैज घेईल त्याला लढण्याचा मान. हा धर्म पाळायचा की नाही, हे खेळाडूंनी डावाआधी ठरवून घ्यावे. आम्ही तो पाळला, आणि बोलीचा भाग प्रत्यक्ष लढाईइतकाच रंगला. एकाने ९५ टनी एक्झिक्यूशनर मागे ठेवला, म्हणून दुसऱ्याने चिलखती पायदळही वगळले; पहिल्याने हट्टाने ग्रेंडेलही काढून टाकला आणि उरलेल्या तीन यंत्रांनिशी लढून तो अत्यंत सन्मानाने हरला.

द्वंद्वाचा नियम मोडला जातो तो मात्र समोरच्या बाजूकडून, कारण तिला तो बांधीलच नसतो. ८५ टनी बॅटलमास्टर जवळ आला की त्याची एक लाथ १७ एककांची बसते आणि ती खाल्लेले यंत्र पडण्याची भीती असते. बुक्की बसली तर सहांपैकी एका दानाला ती थेट डोक्यावर जाते. क्लॅनचा योद्धा याला उलट लाथ मारू शकत नाही. त्याचा धर्म आड येतो. कुरुक्षेत्रावर युद्धाआधी ठरलेले नियम अभिमन्यूच्या दिवसापर्यंत कुठवर टिकले हे ज्याला ठाऊक आहे, त्या वाचकाला या लढतीचा शेवट वेगळा सांगायला नको. समोरच्याने एका यंत्रावर तिघांचा मारा केंद्रित केला की द्वंद्वधर्म संपतो आणि मग क्लॅनचा खेळाडूही मोकळा होतो; पण तोवर दोन-तीन फेऱ्या गेलेल्या असतात. कथेतही ३०५२ च्या मे महिन्यात टुकाय्यिद या ग्रहावर असेच घडले. ग्रहांमधली दळणवळण यंत्रणा चालवणाऱ्या कॉमस्टार या संघटनेच्या सैन्याने क्लॅनना लांबच्या, दारूगोळा संपवणाऱ्या लढाईत ओढले. सात क्लॅनपैकी वुल्फ क्लॅन वगळता बहुतेकांना माघार घ्यावी लागली आणि १५ वर्षांचा युद्धविराम पदरी पडला.

चिलखती पायदळाचे, म्हणजे एलिमेंटलांचे, दोन गट संचात आहेत. प्रत्येक गटात पाच सैनिक. ते उडी मारून मेकच्या अंगावर चढतात आणि तेथूनच त्याला फोडतात. त्यांचे नियम नवख्याला जड जातील. पहिले चार-पाच डाव त्यांच्याविना खेळावेत. ३५ टनी ॲडर लहान दिसतो, पण त्याच्या दोन्ही कणतोफांचा मारा प्रत्येकी १५ आहे आणि डोक्याचे चिलखत व सांगाडा मिळून कोणत्याही यंत्रात १२ च्या वर जात नाहीत, एवढे सांगितले की पुरे.

प्रतिकृतींच्या दर्जाविषयी तक्रारीला जागा नाही. त्या जोडलेल्याच येतात, रंगवाव्या मात्र लागतात, आणि जुन्या आवृत्त्यांतील अवजड चित्रांच्या मानाने त्यांची अंगकाठी चपळ व प्रमाणबद्ध झाली आहे. प्रत्येक यंत्राला दोन नावे आहेत, एक क्लॅनचे आणि एक त्यांच्या शत्रूंनी ठेवलेले. टिंबर वुल्फला प्रथम पाहणाऱ्यांच्या संगणकाला ते मरॉडर आहे की कॅटापल्ट हे ठरवता येईना, म्हणून त्या दोन्ही यंत्रांच्या संक्षेपांतून ‘मॅड कॅट’ हे नाव जन्मले. नवख्यांचा या दुहेरी नावांनी गोंधळ होतो. त्याहून मोठी अडचण वेळेची आहे : पाच विरुद्ध आठ यंत्रांचा डाव आमच्याकडे कधीही एका बैठकीत संपला नाही. प्रत्येक लेसरसाठी वेगळे दान, प्रत्येक लागलेल्या माऱ्याच्या जागेसाठी आणखी एक दान, आणि त्यानंतर खोडाखोड. ज्याला हिशेबाचा कंटाळा आहे त्याने या खेळाच्या वाटेला जाऊ नये. मला स्वतःला ही खोडाखोड प्रिय आहे. यंत्राचा एकेक अवयव कसा निकामी होत गेला हे डाव संपल्यावर त्या कागदावर वाचता येते, आणि असे कागद मी जपून ठेवले आहेत.

खरेदीचा सल्ला विचाराल, तर आधी मूळ संच घ्यावा आणि त्यातील आठ यंत्रांनी निदान दहा डाव खेळावेत. अंतर, आडोसा आणि उष्णता अंगवळणी पडण्याआधी क्लॅनची यंत्रे हाती आली, तर त्यांच्या बळावर जिंकलेला खेळाडू काहीच शिकत नाही, आणि हरलेला खेळाडू पुन्हा पटावर येत नाही. हा संच घेतल्यावर पहिल्या डावात टिंबर वुल्फ एकटेच उतरवावे, समोर दोन ऑसम ठेवावेत आणि नकाशा दाट रानाचा निवडावा. आमच्याकडे सध्या अडचण वेगळीच झाली आहे. आता कोणालाच क्लॅनच्या बाजूने बसायचे नसते. चौघेही त्या दोन ऑसमवर हक्क सांगतात, आणि शेवटी टिंबर वुल्फ कोणी घ्यायचे हे फासे टाकून ठरवावे लागते.